ओझं ओळखणारी कमान

लिंबाच्या सावलीत पोतं अंथरून त्यावर एका ट्रकचे मागच्या बाजूचे पाटे लांबीच्या क्रमाने मांडले होते. एकूण नऊ. सगळ्यात वर दोन्ही टोकांना गोल डोळे असलेला मेन पाटा, त्याच्या खाली एकेक वितीने आखूड होत जाणारे, आणि शेवटचा जेमतेम हातभर. मेन पाट्याचे मधोमध दोन तुकडे झाले होते. निमगाव सावाच्या गावकुसाबाहेर, दिवस पितृपंधरवड्याचे. या पंधरा दिवसांत नवी गाडी कोणी घरी आणत नाही, पण दुरुस्तीला मुहूर्त लागत नाही. म्हणून मिस्त्रीकडे गर्दी होती आणि त्या गर्दीत कामधंदा नसलेला मी एकटाच.

ट्रक तमाशाच्या फडासाठी भाड्याने जाणारा. दसऱ्याला फड बाहेर पडणार. त्याआधी पाटे भरून घ्यायला मालकाने ड्रायव्हरला पाठवलं होतं. ड्रायव्हरचा हट्ट एकच होता, "मिस्त्री, दोन पाटे जादा चढवा, जाडजूड. परत कटकट नको." मिस्त्री त्याला उत्तर देत नव्हता. तो तुटलेल्या तुकड्याचं तोंड उन्हाकडे करून बघत बसला होता. रत्नपारखी खडा बघतो तसा.

आपल्याकडे रसग्रहण कवितेचं होतं, बंदिशीचं होतं, फार तर पैठणीच्या पदराचं. लोखंडाच्या वस्तूला आपण 'दणकट आहे' एवढंच प्रशस्तिपत्र देतो आणि पुढे जातो. कमानपाट्याच्या वाट्याला तर तेही येत नाही. तो गाडीखाली, चिखलात, कोणाला न दिसणारा. तुटला की त्याचं नाव निघतं, तेही शिवीसकट. त्या दुपारी मला मात्र तो तुटलेला पाटा वाचायला मिळाला, आणि वाचून दाखवणारा जाणकार होता.

तुटलेल्या तोंडावर दोन वेगळे पोत होते. सेंटर बोल्टच्या भोकाला लागून, वरच्या अंगाला, नखाएवढा भाग गुळगुळीत आणि गंजून तांबूस. त्यात शिंपल्यावर असतात तशा बारीक अर्धगोल रेघा, एकीबाहेर एक. त्यापलीकडचा उरलेला सगळा भाग खरखरीत, करडा, मोडलेल्या खडीसाखरेसारखा चकाकणारा. "हे बगा सर, हा एका दणक्यात तुटलेला नाय. हा लय दिवसांचा आजारी व्हता." चीर आधी भोकाच्या कडेला केसाएवढी पडली. मग प्रत्येक खड्ड्यागणिक, प्रत्येक गतिरोधकागणिक ती रतीरती पुढे सरकली, आणि प्रत्येक मुक्कामाची एक रेघ मागे ठेवत गेली. उरलेलं लोखंड ओझं पेलेनासं झालं तेव्हा शेवटचा तुकडा एका क्षणात गेला. तो खडीसाखरेचा भाग म्हणजे एक क्षण. तांबूस भाग म्हणजे कित्येक महिने. मोडलेल्या वस्तूने स्वतःची बखर इतकी स्वच्छ लिहून ठेवलेली मी क्वचित पाहिली आहे.

चीर वरच्याच अंगाला का सुरू झाली, हेही पाट्याच्या आकारातच होतं. मागचा पाटा हसऱ्या ओठासारखा बसतो. मधला भाग खाली, टोकं वर. ओझं आलं की तो हसू आवरतो, सपाट व्हायला बघतो. मग त्याचं आतलं, वरचं अंग ताणलं जातं आणि खालचं दाबलं जातं. लोखंडाला दाब सोसतो, ताण तोडतो. चांगल्या कारखान्यात म्हणूनच याच अंगावर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात, म्हणजे पृष्ठभाग आधीच चेपलेला राहतो आणि ताणाला उशिरा वश होतो. आणि भोकच का? तर यू-बोल्ट ढिले झाले होते. यू-बोल्ट आवळलेले असतात तोवर पाट्याचा मधला भाग ॲक्सलच्या बैठकीत घट्ट बसलेला असतो, तिथे वाक येतच नाही. नट ढिले झाले की नेमकं भोकावर वाकणं सुरू होतं. म्हणजे आरोपी पाटा नव्हता. ड्रायव्हरला हे फारसं आवडलं नाही.

आता या नऊ पट्ट्यांच्या रचनेकडे या. ती मला सगळ्यात भावते. एक मोठी पोलादी शंकरपाळी कल्पा, मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. दोन टोकांवर टेकवून मधोमध ओझं ठेवलं तर ही शंकरपाळी सगळीकडे सारखी ताणली जाईल. जिथे ताण जास्त तिथे पोलाद जास्त, जिथे कमी तिथे कमी, काही वाया नाही. पण एवढी रुंद शंकरपाळी ट्रकखाली मावणार कुठे? म्हणून तिच्या लांबीच्या बाजूने पट्ट्या कापायच्या आणि एकीखाली एक रचायच्या. मधली सगळ्यात लांब पट्टी वर, कडेच्या आखूड पट्ट्या खाली. झाला कमानपाटा. लांबीचा तो पायऱ्यापायऱ्यांचा उतार कारागिराच्या हौसेचा नाही. शंकरपाळीच्या तिरक्या कडांची ती आठवण आहे.

अलीकडच्या गाड्यांत हेच गणित दुसऱ्या तऱ्हेने सोडवतात. रुंदी कायम ठेवून जाडीच टोकाकडे कमी करत नेतात. दोन-तीनच पाटे, एकमेकांपासून सुटे. त्याला पॅराबोलिक म्हणतात. वजनाने हलका, चालीला मऊ. मला तो मान्य आहे, पण त्यात मला रस नाही. नऊ जणांच्या संगतीची गंमत त्यात उरत नाही.

कारण संगत खरोखरच आहे. मिस्त्रीने चांगले पाटे एकमेकांवर नुसते रचून दाखवले, न आवळता. प्रत्येक दोन पाट्यांच्या मध्ये पोटाशी फट होती. खालचा आखूड पाटा वरच्यापेक्षा जरा जास्त वाकलेला, त्यामुळे तो टोकांनीच वरच्याला भिडतो. नवख्याला वाटेल, बसत नाहीत, बिघडलेत. पण ही फट मुद्दाम ठेवलेली असते. सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते, आखूड पाटे थोडे सरळ होतात आणि मेन पाटा उलट थोडा अधिक वाकतो. ओझं त्याला ज्या दिशेला ताणणार, त्याच्या विरुद्ध दिशेने तो आधीच तयार करून ठेवलेला असतो. हा विशेष मान मेन पाट्यालाच का? कारण बाकीचे फक्त वजन झेलतात. मेन पाटा वजनासोबत ब्रेकचा हिसका, वळणाचा आडवा रेटा आणि ॲक्सल जागेवर धरून ठेवण्याची जबाबदारीही घेतो. ज्याच्यावर जास्त कामं, त्याच्या वाटणीचं ओझं इतरांनी आधीच थोडं उचलून ठेवायचं. "फट दिसली पायजे," मिस्त्री म्हणाला, "फट नाय तर जोड नाय."

आणि मग दुसरा पाटा. त्याची टोकं सरळ कापलेली नसतात. मेन पाट्याच्या डोळ्याभोवती ती अर्धवट वळवलेली असतात, पण डोळ्याला चिकटत नाहीत, बोटभर अंतर राखून असतात. रोजच्या चालीत या वळणाचा काही उपयोग नाही. मेन पाटा तुटला तर मात्र ॲक्सल निसटू न देता गाडी गॅरेजपर्यंत आणणं हे याचं काम. या ट्रकचंही तेच झालं होतं. मेन तुटल्यावरही तो स्वतःच्या चाकांवर इथे आला. फडात मुख्य गायकाच्या मागे झीलकरी उभा असतो. त्याचा स्वर मुख्य स्वराला चिकटत नाही आणि सोडूनही जात नाही. गाणाऱ्याचा आवाज फाटला की तो उचलून धरतो, आणि प्रेक्षकाला कळतही नाही. त्या अर्ध्या वळलेल्या टोकाकडे बघताना मला तोच आठवला.

परदेशात हौशी लोक पिकअपच्या हौद्यावर अख्खं घर चढवतात. बिछाना, चूल, पाण्याची टाकी, संडास सगळं. त्याला कॅम्पर म्हणतात आणि त्याच्या वजनाने मागचे पाटे बसले की ते कसे सुधारावेत यावर त्यांच्यात रात्र-रात्र चर्चा चालते. आपल्याकडे कॅम्पर म्हटलं की लग्नातला गार पाण्याचा जार डोळ्यांपुढे येतो, नाही तर डबल केबिनची बोलेरो. पण घर पाठीवर घेऊन हिंडणारी गाडी जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांना अनोळखी नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि नगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. ट्रकमध्ये कोपीचं सामान, पत्र्याची पेटी, हंडे, गोधड्या, पिठाचं पोतं, दोन शेळ्या, कोंबड्यांची दुरडी आणि या सगळ्याच्या वर माणसं. आणि नारायणगाव तर तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याआधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. बैलगाड्यांतून हिंडणारे फड ट्रकवर आले, तेव्हा स्टेज, कनाती, खांब, जनरेटर, कपड्यांच्या पेट्या आणि भटारखाना हे सगळं पाट्यांच्या पाठीवर आलं.

इथे एक भेद करावा लागतो, आणि मिस्त्री तो जितक्या सहज करतो तितक्या सहज पुस्तकंही करत नाहीत. ओझं किती टन, हा पहिला प्रश्न नाही. ओझ्याचा स्वभाव काय, हा पहिला प्रश्न.

टोमॅटोची पिकअप घ्या. नारायणगावच्या उपबाजारात क्रेट वीस किलोचा. पंचाहत्तर क्रेट म्हणजे दीड टन. जाताना गाडी पोटाशी टेकलेली, येताना रिकाम्या क्रेटचा खडखडाट. एकाच दिवसात दोन वेगळ्या गाड्या. हिला सरसकट कडक पाटे दिले तर भरल्यावर छान चालेल आणि रिकामी चेंडूसारखी उडेल. मागची चाकं रस्त्याला धरणार नाहीत, ब्रेक लावला की शेपूट फिरेल. हिला हवा हेल्पर, म्हणजे मुख्य जोडाच्या वर बसवलेला छोटा दुसरा जोड. रिकाम्या गाडीत त्याची टोकं अधांतरी असतात. माल भरला, गाडी दबली, की ती चासीच्या ठोकळ्याला टेकतात आणि मग तो कामाला लागतो. हाक मारल्यावर येणारा शेजारी.

बैलगाडा शर्यतीचे बैल नेणारी पिकअप याहून निराळी. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने ती कायम केली, त्यानंतर या भागातले शर्यतीचे घाट पुन्हा गजबजले. घाटाकडे बैल जातो तो गाडीतूनच. हे ओझं जिवंत. वजनाने फार नाही, पण ते स्वतः हलतं. वळणावर बैल पाय रोवतो, कलतो, दचकतो. इथे पाट्यांच्या ताकदीपेक्षा गाडीचं डोलणं लवकर थांबणं महत्त्वाचं. पाटे एकमेकांवर घासून थोडं डोलणं खातात, उरलेलं शॉकअपने खायचं. शॉकअप गळके ठेवून पाटे वाढवणारा माणूस मला कवितेत विशेषणं वाढवणाऱ्या कवीसारखा वाटतो.

आणि फडाचा ट्रक? त्याचा स्वभाव तिसराच. तो कधी रिकामा होत नाही. हंगामभर, एका गावाहून दुसऱ्या गावाला, तेच सामान, तेच वजन. कॅम्परचंही तसंच. घर बाजारात उतरवून परत यायचं नसतं. अशा गाडीला हेल्परची लपाछपी कशाला? तिची कमानच त्या कायमच्या वजनाला जोखून द्यायची. भरलेल्या स्थितीत पाटे जवळपास सपाट, चाल मऊ, आणि तरी खड्ड्यात बसायला खाली हात-दीड हात नसला तरी वीतभर जागा शिल्लक. शिवाय हे सामान उंच रचलेलं, म्हणून डुलणं जास्त. दोन जादा पाटे घालून वजन पेललं जाईल, पण वर बसलेल्या माणसांची हाडं खिळखिळी होतील.

"दोन जाडजूड पाटे" या मागणीतला घोळ इथेच आहे. त्याच जाडीचा एक पाटा वाढवला तर नऊ जणांत एकाची भर, ताठपणा साधारण नवव्या हिश्शाने वाढतो. पण जाडी वाढवली तर हिशेब घनाने चालतो. आठ मिलिमीटरऐवजी दहा मिलिमीटरचा पाटा म्हणजे दोनच मिलिमीटरचा फरक, पण तो जवळजवळ दुप्पट ताठ. आणि समान वाकवले की जाड पाट्यावर ताणही जास्त पडतो. म्हणजे पातळ सोबत्यांमध्ये घुसवलेला जाड पाटा सगळं ओझं स्वतःकडे ओढतो आणि आधी तोच तुटतो. तो तुटला नाही तर दणका पुढे सरकतो. हँगरचे रिबिट, मग चासी, मग टायर. गाडीची मागची बाजू वर उचलली गेली तर प्रोपेलर शाफ्टचे सांधे वेड्या कोनात फिरतात, तो खर्च वेगळा. आणि हेही सांगितलं पाहिजे की पाटे वाढवल्याने आरसी बुकातला वजनाचा आकडा वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड वीस हजार रुपये आणि वर दर जादा टनाला दोन हजार आहे. तो चुकवायला कोणता पाटा मिळतो, ते मिस्त्रीलाही माहीत नाही.

मऊपणाचंही माप असतं. ओझ्याने पाटा चार इंच दबत असेल तर गाडी सेकंदाला दीडएक वेळा डोलते, माणसाच्या चालीएवढ्या लयीत. तो हेलकावा शरीराला ओळखीचा असतो, त्यात झोप लागते. एकच इंच दबला तर ती लय दुप्पट, सेकंदाला तीन वेळा. त्याहून ताठ केलं की आपण चार ते आठच्या पट्ट्यात शिरतो, आणि उभ्या धक्क्यांनी माणसाचं पोट ढवळतं ते नेमकं याच पट्ट्यात. रात्री वग रंगवून पहाटे ट्रकच्या पेट्यांवर आडव्या होणाऱ्या माणसांसाठी विलंबित आणि द्रुत यातला फरक पाटा ठरवतो.

मिस्त्रीने शेवटी जो उपाय केला तो बघण्यासारखा होता. नवा मेन पाटा घेतला. दुसरा तपासला, ठेवला. बाकीचे सात वर्षानुवर्षं दबून बसके झाले होते, त्यांना पुन्हा कमान द्यायची होती. हे काम दोन तऱ्हांनी होतं. भट्टीत लाल करून वाकवणं सोपं, दिसायलाही झकास. पण कारखान्यात पाट्याला साधारण नऊशे अंशांवर तापवून तेलात बुडवलेलं असतं, मग पुन्हा साडेचारशेच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवलेला असतो. यालाच पाणी देणं म्हणतात. भट्टीने ते पाणी उतरतं. पुन्हा पाणी नीट देता आलं नाही तर पाटा महिन्याभरात बसतो. घाईत पाण्यात बुडवला तर काचेसारखा होतो आणि पहिल्याच खड्ड्याला तडकतो.

यातली एक गोष्ट मला कायम चकित करते. पाणी उतरलेला पाटा आणि उत्तम पाणी दिलेला पाटा, दोन्ही हलक्या ओझ्याखाली सारखेच वाकतात. पोलादाचा ताठपणा पाण्याने बदलत नाही. बदलतं ते इतकंच की कुठवर वाकून तो पुन्हा मूळ जागी येईल. गुण वाकण्याच्या जोरात नाही, परतण्याच्या हद्दीत आहे. हात लावून हे कळत नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि तरी तोच सारा पाटा आहे.

म्हणून मिस्त्रीने थंड काम केलं. दोन लोखंडी ठोकळे, त्यांच्यावर पाटा, खोलगट बाजू वर करून. मधल्या अधांतरी भागावर घण. एक घाव, दोन बोटं पुढे सरकवणं, दुसरा घाव, पुन्हा सरकवणं. टोकापासून टोकापर्यंत. एका जागी दोनदा मारत नाही. तसं केलं तर तिथे कोपर पडतो आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. चार-सहा फेऱ्यांनी पाटा दोऱ्याला भिडवून बघायचा. दोन टोकांना दोरा ताणायचा आणि मधलं अंतर बोटांनी मोजायचं. प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा जरा जास्त, पण किती जास्त, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. घण आणि दोरा यांत मिळून अर्धा दिवस गेला. घणाचा आवाजही बदलत जात होता. सुरुवातीला बद्द, शेवटी टणटणीत. हा माझा भास असू शकतो, मिस्त्रीच्या तो कामाचा होता.

पाट्यांची टोकं घासून आरशासारखी झाली होती. एकाच्या टोकाने वरच्या पाट्यात चक्क खाच पाडली होती. ती खाच मिस्त्रीने कानसून गुळगुळीत केली. मध्ये ग्रीस भरा म्हणून ड्रायव्हर मागे लागला. मिस्त्रीने पातळसर बोट फिरवलं, त्याहून जास्त नाही. आपल्याकडची धूळ ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपर तयार होतो. शिवाय पाटे फारच गुळगुळीत घसरले तर डोलणं कोण थांबवणार?

मग जोड बसला. सेंटर बोल्ट आवळताना एकेक फट मिटताना दिसली. खालून वर, एकामागून एक. नवे बुश, पिन, शॅकल. रबरी बुश ठोकून बसवायचे, पण त्यांचे नट गाडी चाकांवर आल्यावरच पक्के करायचे. अधांतरी आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं. शेवटी जॅक उतरला. ट्रकचं वजन पाट्यांवर आलं आणि कमान एक इंचभर, हळूच, खाली बसली. रिकाम्या ट्रकला तेवढंच. उरलेलं दसऱ्याला, पेट्या चढल्यावर.

ड्रायव्हरने चाव्या घेतल्या, पैशांवरून थोडी ओढाताण झाली, ती होतेच. निघताना मिस्त्रीने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि प्रत्येक यू-बोल्टच्या नटावरून बैठकीपर्यंत एकेक सरळ रेघ ओढली. "पयला मुक्काम झाला की खाली वाकून बगायचं. रेघ मोडलेली दिसली की नट हलला. मग पुढं जायचं नाय, आधी आवळायचं." ड्रायव्हर हो म्हणाला, ट्रक साकोरीच्या बाजूला वळला, आणि रस्त्यावरच्या पहिल्या गतिरोधकाला मागची चाकं एकदाच वर गेली आणि एकदाच खाली आली.